एक बांध, चार चित्रे



रानात पिकाची सुडी रचून ठेवलेली असली म्हणजे आपण तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो? ताडपत्री नीट बसली आहे का, खालून ओल चढत नाही ना, उंदीर लागले का, जाता-येता कोणी पेटती विडी टाकली तर काय करायचे! मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. त्या सुडीचा रंग कोणता, असे कोणी विचारले तर आपण हसू. पिवळा, दुसरा कोणता असणार?

पण या एका प्रश्नापायी एका माणसाने थंडीवाऱ्यात कित्येक महिने काढले. फ्रान्स देशात नॉर्मंडी नावाचा शेती-दुभत्याचा मुलूख आहे. तिथे जिवर्नी नावाच्या लहानशा खेड्यात क्लोद मोने हा चित्रकार १८८३ साली येऊन राहिला. घराशेजारीच एका शेतकऱ्याचे रान होते. १८९० च्या उन्हाळ्याअखेरीस त्या रानात गव्हाच्या सुड्या उभ्या राहिल्या आणि मोने आपला कापडाचा चौकटा घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसला.

इंग्रजीत या चित्रांना ‘हेस्टॅक्स’, म्हणजे गवताच्या गंजी, असे नाव पडले आहे. शेतीखात्याच्या माणसाला हे नाव खटकते. ते गवत नव्हते. तो न मळलेला गहू होता, कणसांसकट रचलेला. पंधरा-वीस फूट उंचीच्या त्या सुड्या वरून काडाने शाकारलेल्या असत, म्हणजे पाऊस आत शिरू नये. मळणीयंत्रे तेव्हा गावोगाव फिरत आणि पाळी येईपर्यंत कधी कधी पुढचा वसंत उजाडे. म्हणजे अख्ख्या घराची वर्षाची कमाई हिवाळाभर उघड्या रानात उभी. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मोनेने त्या सुड्यांची एकूण सुमारे पंचवीस चित्रे काढली. सुड्या त्याच, रान तेच, मागची झाडी आणि टेकड्याही त्याच. बदलत होता तो फक्त दिवस, तास आणि ऋतू. उन्हाळ्याच्या शेवटी सुडी सोनेरी, तिची सावली जांभळट. मावळतीला कडा पेटल्यासारख्या लाल, आणि आपल्याकडची बाजू मात्र काळपट निळी. बर्फ पडल्यावर रान पांढरे, पण त्या पांढऱ्यावर पडलेली सावली चक्क निळी. पहिल्यांदा त्याला वाटले होते की दोन चौकटे पुरतील, एक उन्हाचा आणि एक ढगाळ दिवसाचा. पण बसल्या जागी उजेड सारखा बदलत राहिला. मग घरातली मुलगी ब्लांश घरून कोरे चौकटे आणून देई, आणि उजेड फिरला की मोने पहिला चौकटा बाजूला ठेवून दुसरा पुढे घेई. दुसऱ्या दिवशी तोच उजेड आला की पुन्हा पहिला. हिवाळ्यात सूर्य इतका भराभर खाली जातो की आपला हात मागे पडतो, अशी त्याची तक्रार असे. ही ब्लांश स्वतःही चित्रे काढत असे.

१८९१ च्या मे महिन्यात त्यांपैकी पंधरा चित्रे पॅरिसमध्ये मांडली गेली आणि थोड्याच दिवसांत विकली गेली. २०१९ साली त्यांतलेच एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात अकरा कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्या शेजारच्या शेतकऱ्याचा गहू मात्र बाजारभावानेच गेला असणार, यात शंका नाही.

झाडांचा लिलाव

याच मोनेची दुसरी एक गोष्ट मला जास्त आवडते. एप्त नावाच्या नदीच्या काठी पॉप्लरच्या उंच झाडांची रांग होती. ती झाडे लिमेत्झ गावच्या मालकीची. १८९१ साली मोने नावेत बसून त्या झाडांची चित्रे काढत असतानाच गावाने झाडे लिलावात काढली. चित्रे अर्धवट आणि झाडांवर कुऱ्हाड! मोनेने गावाला विनवले, गावाने ऐकले नाही. शेवटी त्याने लाकडाच्या व्यापाऱ्याशीच बोलणी केली. तुझ्या हिशेबापेक्षा बोली वर गेली तर वरचे पैसे मी भरतो, पण झाडे काही महिने उभी राहू दे. तसेच झाले. चित्रे पुरी झाली, मग झाडे पडली.

गावाचे चुकले असे मी म्हणणार नाही. पॉप्लर हे तोडण्यासाठीच लावायचे झाड. गावाला पैशाची गरज असेल. पण दोघे त्याच रांगेकडे पाहत होते आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या, हे खरे.

गावकऱ्यांचे आणि त्याचे पुढेही जमले नाही. १८९३ मध्ये त्याने ओढ्याचे पाणी वळवून घराजवळ तळे करायचे ठरवले, तेव्हा हा परदेशी वनस्पती लावणार, पाणी बिघडणार आणि खालच्या अंगाची आपली जनावरे आजारी पडणार, अशी गावात ओरड झाली. अखेर सरकारी परवानगी मिळाली. वरच्याने पाणी अडवले म्हणून होणारे तंटे तिकडेही होते, एवढ्यासाठी हे सांगितले.

आपल्याकडे कोणी बसले का?

बसले. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तिथे शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांना शाहू छत्रपतींचा आश्रय होता. मुंबईत नाव कमावण्याचे सोडून ते कोल्हापुरात राहिले आणि कोटितीर्थाच्या तळ्याकाठी, आसपासच्या रानात बसून पाणी, झाडे, घाट आणि आभाळ रंगवत राहिले. १९३१ साली ते वारले. कोल्हापूरला कलापूर म्हणतात त्यामागे जी मोठी माणसे आहेत, त्यांत त्यांचे नाव अगदी पुढे घ्यावे लागते.

आजही कलाशाळांची मुले वाईला, मेणवलीला, नाशिकच्या गोदाकाठी बसून चित्रे काढताना दिसतात. घाट, देवळे, जुने वाडे. बघायला छान वाटते. पण ज्वारीच्या रानाच्या बांधावर कोणी येऊन बसत नाही. तिथे बसायचे तर ते तुमच्या-आमच्या घरातल्या कोणीतरीच बसले पाहिजे, आणि त्यासाठी हा लेख.

आपल्या रानाचे चार ऋतू

जिवर्नीचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. तिकडे बर्फ, आपल्याकडे पाऊस. तिकडे सूर्य भर उन्हाळ्यातही कधी डोक्यावर येत नाही. आपल्या महाराष्ट्रात तो वर्षातून दोन दिवस भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच जिरते. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली उलटी, दक्षिणेकडे पडते. बाभळीखाली बैल बांधणाऱ्याला हे ठाऊक असते, पण पुस्तकात वाचून नव्हे. जनावर सावलीबरोबर सरकते, त्यावरून.

वैशाखापासून सुरुवात करू. नांगरलेले रान ढेकळांनी भरलेले. काळी जमीन म्हणतो आपण, पण वैशाखात ती काळी असते कुठे? नीट पाहा, ती राखाडी असते, आणि ढेकळाच्या उन्हाकडच्या अंगाला तर जवळजवळ पांढुरकी. आभाळही निळे नसते. हवेत धूळ असल्याने कडेला ते फिकट मातकट होते आणि लांबचा डोंगर त्यात बुडून जातो. या दिवसांत चित्राला रंग थोडेच लागतात, पण तेच सगळ्यात अवघड जातात.

मग मृगाचा पाऊस पडतो आणि एका रात्रीत त्याच मातीचा रंग बदलतो. हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण चित्र काढायला बसाल तेव्हा आणखी एक गोष्ट कळेल. ढगाळ दिवशी सावल्या नाहीशा होतात आणि रंग मात्र गडद होतात. उन्हात पानावर चकाकी येते, ती मूळ रंग झाकते. ढगाखाली चकाकी नसते, म्हणून हिरवा तो पुरता हिरवा दिसतो. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी ओळी दिसू लागतात, तेव्हा बांधावर खाली बसून पाहावे. उभे राहून पाहिले तर माती जास्त दिसते, बसून पाहिले तर ओळी एकमेकींवर येऊन सारे रान हिरवे दिसते.

हस्त-चित्राचे दिवस मात्र खरे श्रीमंतीचे. बाजरी कणसावर, तुरीला पिवळा फुलोरा येऊ लागलेला, बांधावर कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे. पाऊस धुऊन गेल्याने हवा स्वच्छ असते. लांबचा डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो, त्याच्या घळीसुद्धा मोजता येतात. ज्याला पहिल्यांदाच रंग हातात घ्यायचे आहेत त्याने या दिवसांत घ्यावेत. बिघडले तरी काहीतरी बरे निघते.

पौषात सूर्य दक्षिणेला कललेला. सकाळी आठला बांधावरच्या झाडाची सावली अर्ध्या रानापर्यंत पसरते. शाळू हुरड्यात आलेला असतो, दव पडलेले असते, आणि विहिरीवरून वाफ निघते. धुक्यामुळे जवळचे झाड गडद, त्यामागचे फिके, त्याहूनही मागचे आणखी फिके. दूरच्या वस्तू निळसर आणि फिकट दिसतात, कारण मध्ये हवेचा थर असतो. निसर्गचित्रातली अर्धी विद्या या एका गोष्टीत आहे, आणि ती पौषातली सकाळ फुकट शिकवते.

फाल्गुनात काढणी झालेली, रानात ज्वारीचे धसकट आणि कडब्याच्या पेंढ्या. माळावर पळस पेटलेला. चैत्रात लिंबाला तांबूस कोवळी पालवी. पुन्हा वैशाख.

रंग ओळखण्याची विद्या

हे सगळे करून शेतकऱ्याला काय मिळणार, असे तुम्ही विचाराल. याने एकरी उतारा वाढेल असे मी सांगणार नाही. तसे सांगणारा खोटे बोलेल. पण एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे ती सांगतो.

कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्राच्या तासाला आम्हांला मातीचे रंग ओळखायला शिकवत. त्यासाठी एक पुस्तक असते, मन्सेलचा तक्ता. पानापानावर रंगांच्या लहान लहान टिकल्या चिकटवलेल्या. मातीचे ढेकूळ हातात घ्यायचे, टिकल्यांशी ताडून पाहायचे आणि आकडा लिहायचा. आपल्या भारी काळ्या जमिनीला बहुतेक ‘१० वायआर ३/१’ असा काहीसा आकडा येतो. जगभर जमिनीची पाहणी करणारे लोक याच तक्त्याने मातीचा रंग लिहितात. तो ज्याच्या नावाचा, तो अल्बर्ट मन्सेल कोणी मृदाशास्त्रज्ञ नव्हता. तो अमेरिकेतला चित्रकार होता, चित्रकलेचा मास्तर होता. विद्यार्थ्यांना रंग नेमकेपणी सांगता यावेत म्हणून त्याने ही पद्धत बसवली आणि १९०५ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. मातीच्या माणसांनी ती नंतर उचलली. या तक्त्याचा पहिला नियम असा, की कोरड्या मातीचा रंग वेगळा लिहायचा आणि ओल्या मातीचा वेगळा. घरी करून पाहा. एक ढेकूळ फोडा, अर्ध्यावर पाणी शिंपडा आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. एकाच शेतातली माती, पण हे वेगळेच ढेकूळ आहे म्हणून दुसऱ्याला सहज फसवता येईल.

भाताला नत्र किती द्यायचे हे ठरवण्यासाठीही पानाच्या रंगाचा तक्ता वापरतात. हिरव्या रंगाच्या फिक्या ते गडद पट्ट्या असतात, पान त्यावर ठेवून जुळवायचे. त्यातही सूचना अशी असते की उन्हाकडे पाठ करून, पान आपल्या अंगाच्या सावलीत धरून पाहा. का? कारण उन्हात हिरव्याचा अंदाज चुकतो. मोनेला सुडीपुढे बसून जे कळले, तेच इथे तक्त्याच्या पाठीवर छापलेले असते.

पिकाला नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात ऊस, भुईमूग, सोयाबीन यांत हे नेहमी दिसते. मक्याला स्फुरद मिळेनासे झाले की पानावर जांभळट झाक येते. पालाश कमी झाले तर पानाच्या कडा करपल्यासारख्या होतात. ही चारही लक्षणे रंगाचीच आहेत. ज्याने आपल्या रानाचा हिरवा रंग एकदा स्वतः कालवून कागदावर उतरवला आहे, त्याच्या डोळ्याला ही झाक लवकर खुपते. ‘यंदा रान कसेसेच दिसते’ एवढे म्हणून तो थांबत नाही, कुठल्या पानाला आणि कुठल्या अंगाला हे तो बोट ठेवून सांगतो. माझ्याकडे पान घेऊन येणाऱ्यांत मी हा फरक पाहिलेला आहे.

साहित्य

फारसे लागत नाही. शाळेच्या दुकानात मिळते तेवढे पुरे. जलरंगाची साधी पेटी किंवा नळ्या, दोन ब्रश (एक जाड गोल, एक बारीक), जाड ड्रॉइंग कागद, प्लायचा पॅड आणि कागद उडू नये म्हणून चिमटे. पाणी विहिरीचे. बसायला पोते.

नळ्यांवरून आठवले. पूर्वी चित्रकार घराबाहेर बसून रंगकाम क्वचितच करत, कारण कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची चेपती नळी काढली आणि रंग खिशात घालून रानात जाता येऊ लागले. मोनेसारख्यांची सोय झाली ती अशी.

रंगही काही परके नाहीत. पेटीतला यलो ऑकर म्हणजे पिवळी माती, तांबडा तपकिरी म्हणजे गेरूचाच भाऊ. दोन्हींत लोहाचे अंश, आपल्या तांबड्या जमिनीत असतात तेच. अल्ट्रामरीन नावाचा निळा म्हणजे धोतराला घालायची जुनी पुडीतली नीळ. सणाला भिंतीला गेरू आणि दारात रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात या कामाला आधीच तयार असतो. म्हणून घरातल्या बायकांनी ‘आम्हांला नाही बाई जमायचे’ असे म्हणू नये. ठिपके न देता मोर काढणाऱ्या हाताला बांधाची रेघ जड का जाईल?

काळी माती रंगवायला नळीतला काळा घेऊ नका. तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी रंग एकत्र कालवा. निळा जास्त झाला की ओली माती, तपकिरी जास्त झाला की सुकत चाललेली. नळीतला हिरवाही तसाच सरसकट फासू नये. ज्वारीच्या पानाला निळी झाक असते, उसाला पिवळी, आंब्याची नवी पालवी तर तांब्यासारखी. पिवळा आणि निळा यांतून हवा तो हिरवा कालवता येतो. जलरंगात पांढरा हा कागदाचाच ठेवायचा. पाटाच्या पाण्याची चकाकी, बगळा, चुना लावलेली विहिरीची कड, एवढी जागा कोरी सोडायची आणि बाकीचे रंगवायचे.

बसावे कसे

जागा एकच निवडा. तिथे बांधावर एक दगड पुरून ठेवा, म्हणजे वर्षभर त्याच ठिकाणी, त्याच तोंडाने बसता येईल. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर बसा. भर दुपारी सावल्या नसतात आणि कागद उन्हात डोळ्यांवर येतो. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून पाहिले की चित्रात काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते लगेच ठरते. नवशिक्याला सगळेच घ्यावेसे वाटते, अगदी विजेचा खांब आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टरसुद्धा. ट्रॅक्टर घ्यायला हरकत नाही, पण मग झाड लहान घ्या.

आधी आभाळ आणि जमीन यांची हद्द आखा. मग डोळे बारीक करून पाहा. पाने, काड्या, ढेकळे दिसेनाशी होतात आणि गडद-फिक्याचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. आधी ते तुकडे रंगवा. पाने मोजत बसलात तर सूर्य थांबत नाही. दीड तासात हात उचलावा. त्यानंतर जे रंगवाल ते वेगळ्याच वेळचे होईल.

उन्हाळ्यात रंग कागदावर ठेवेपर्यंत सुकतो, म्हणून कागद आधी ओला करून घ्या. श्रावणात उलटे, तो सुकतच नाही. तेव्हा दोन चित्रे आळीपाळीने घ्यावीत. वाऱ्याचे काय करायचे हे डच चित्रकार व्हॅन गॉगने पत्रात लिहून ठेवले आहे. १८८८ साली दक्षिण फ्रान्समध्ये गव्हाच्या शेतात बसताना तो चौकटा ठेवायच्या घोड्याचे पाय जमिनीत रोवून शेजारी हातभर लांबीच्या लोखंडी मेखा ठोकी आणि दोरीने बांधून टाकी, आपण तंबू ठोकतो तसे. त्याच्या ऑलिव्ह झाडांच्या एका चित्रात, रंगाच्या थरात, एक नाकतोडा चिकटलेला सापडला. २०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या संग्रहालयाने ते जाहीर केले. कीटकशास्त्रज्ञाला बोलावून तपासले तेव्हा समजले की तो किडा चिकटला तेव्हाच मेलेला होता. तेव्हा तुमच्या ओल्या रंगावर चिलटे बसली तर मनाला लावून घेऊ नका.

दोन गोष्टी मात्र मी खात्याचा माणूस म्हणून बजावतो. वळवाच्या दिवसांत दुपारी ढग भरून गडगडू लागले की चित्र अर्धे टाकून घर गाठा. झाडाखाली थांबू नका. आणि शेजारच्या रानात फवारणी चालू असेल तर त्या दिवशी बसूच नका. पावसाळ्यात बूड टेकण्याआधी गवत काठीने झोडून घ्यावे हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, पण चित्राच्या नादात पोरे विसरतात.

‘मोबाईलमध्ये फोटो निघतोच की,’ असे कोणी म्हणेल. जरूर काढा. त्याच दगडावरून काढा, तारखेसह राहू द्या. परंतु फोटो डोळ्याचे पाते लवायच्या आत निघतो, आणि तितकाच वेळ आपण रानाकडे पाहिलेले असते.

दोघा भावांचा लिंब

माझ्याकडे एका अवर्षणी पट्ट्यातली काही गावे होती, तेव्हाची गोष्ट. एका घरातली नववीतली मुलगी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची तयारी करत होती. शाळेतल्या सरांनी तिला सांगितले, की घराबाहेरचे एकच दृश्य वर्षातून चार वेळा काढ. तिने आपल्या रानाच्या सामाईक बांधावरचा लिंब निवडला. एका बाजूला तिच्या आजोबांचे रान, दुसऱ्या बाजूला त्यांच्या धाकट्या भावाचे. दोन्ही घरांची न्याहारी पिढ्यान्‌पिढ्या त्याच लिंबाखाली व्हायची. पुढे वाटणीवरून बोलणे बंद झाले तरी सावली तेवढी एकच राहिली होती. एक घर झाडाच्या पूर्वेला बसे, दुसरे पश्चिमेला.

आजोबांना हा उद्योग पसंत नव्हता. “कागद रंगवून कणगी भरते का?” असे ते माझ्यासमोरच म्हणाले. पण पहिले चित्र तिने दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चुका काढायला सुरुवात केली. ही फांदी इतकी खाली नाही. या बेचक्यात माझी पाण्याची किटली टांगलेली असते, ती कुठे आहे? आणि सकाळची वेळ म्हणतेस, तर सावली विहिरीच्या अंगाला पडायला हवी, ही पांदीकडे कशी काय पडली? मुलीने मुकाट्याने दुरुस्त्या केल्या. दुसऱ्या चित्राच्या वेळी तर ते स्वतःच तिच्यामागे पोते टाकून बसले होते.

संक्रांतीपर्यंत तीन चित्रे झाली. मग मोजणी आली. खुणा गाडल्या गेल्या तेव्हा लिंबाचे खोड बरोबर हद्दीवर निघाले. थोरला म्हणे माझा, धाकटा म्हणे माझा. दोघांपैकी एकालाही झाड तोडायचे नव्हते, पण दुसऱ्याचे म्हणून ते राहू द्यायचेही नव्हते. शेवटी चार माणसांनी तोड काढली. झाड लाकूडवाल्याला द्यायचे आणि पैसे निम्मे निम्मे करायचे. फाल्गुनात ते पडले.

चैत्रात मुलगी ठरल्याप्रमाणे दगडावर जाऊन बसली आणि समोर होते तेच तिने काढले. बांध, मोजणीची खूण, मागची विहीर, आणि वर नुसते आभाळ. आधीच्या तिन्ही चित्रांत झाडामागे झाकलेला डोंगर या चित्रात पहिल्यांदाच पुरता दिसला.

हस्तातल्या चित्राला आजोबांनी काच बसवून घेतली आणि ते ओटीवर लावले. महिन्याभराने धाकट्याची सून मुलीच्या आईला पाणवठ्यावर हळूच म्हणाली, “तसलंच एक आमच्या मामांजींनाही पाहिजे म्हणत्यात. पर मी सांगितलं म्हणू नका.” मुलीने पहिल्यावरून दुसरे काढून दिले. त्यात किटली मात्र तिने झाडाच्या पलीकडच्या बाजूला टांगली. चैत्रातले चौथे चित्र कोणी मागितले नाही. ते तिच्याकडेच आहे.

जपून ठेवताना

चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहावे: तारीख, नक्षत्र, वेळ, रानात कोणते पीक आहे, पेरणी किंवा काढणी कधी झाली, त्या आठवड्यात पाऊस किती झाला, विहिरीला पाणी किती परस आहे. दोन-चार वर्षांनी चित्राच्या पुढच्या बाजूइतकीच ही पाठही घरातली माणसे वाचतात. कागद गुंडाळून ठेवू नका, त्याला मोडी पडतात. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून सुताने बांधा. पावसाळ्याआधी एकदा उन्हात नव्हे, सावलीत पसरून हवा द्या आणि कसर लागू नये म्हणून ट्रंकेत सुका लिंबाचा पाला टाका.

मुलगा किंवा मुलगी शाळेत असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांची चौकशी चित्रकलेच्या शिक्षकांकडे करा. शाळेत चित्रकलेचे शिक्षक नसतील तर शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत विचारा. पहिल्या चित्रासाठी वैशाखाची वाट पाहायला नको. रानात आज जे उभे असेल, ऊस असो, धसकट असो की रिकामी ढेकळे, तिथून सुरुवात करावी, आणि दर तीन महिन्यांनी पोते घेऊन त्याच दगडावर जावे.